वेब अ‍ॅपसाठी क्लाउडवर डेटाबेस उभा करताना: रिकाम्या खात्यापासून बॅकअप परत आणण्यापर्यंत

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझ्या हातून एक डिलीट क्वेरी चालली. तिच्यात 'व्हेअर' लिहायचं राहून गेलं होतं. एका सार्वजनिक वाचनालयाचं देवघेवीचं टेबल, म्हणजे कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं आणि कधी परत आलं याची सगळी नोंद, क्षणात रिकामं झालं. बॅकअप होता, रोज आपोआप घेतला जात होता. पण तो परत कसा आणायचा हे मी कधी करून पाहिलं नव्हतं. ग्रंथपालबाई रात्री उशिरापर्यंत फोनवर होत्या, कारण सकाळी आठला वाचनालय उघडायचं होतं. डेटा परत आला, पण जे काम तासाभरात व्हायला हवं होतं त्याला सात तास लागले. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: बॅकअपमधून डेटाबेस एकदा प्रत्यक्ष परत उभा करून बघितल्याशिवाय अ‍ॅप लोकांच्या हाती द्यायचं नाही.

जँगो, लॅराव्हेल किंवा नोडमध्ये अ‍ॅप लिहिता येतं, पण डेटाबेस आजवर स्वतःच्या लॅपटॉपवरच चालवलाय, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरण त्याच वाचनालयाचं घेतो: सभासद, पुस्तकं, देवघेव आणि वर्गणी. सेवा अ‍ॅमेझॉनची आरडीएस, डेटाबेस पोस्टग्रेस. गूगल किंवा अझ्युर वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, पायऱ्या बहुतेक याच राहतील.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. आरडीएससारखी सेवा घेतली की ऑपरेटिंग सिस्टिमची देखभाल, रोजचा बॅकअप, डिस्क बिघडली तर ती बदलणं, ही कामं तुमच्या डोक्यावरून उतरतात. चुकीची क्वेरी, उघडं राहिलेलं पोर्ट, इंडेक्स नसलेलं टेबल, हे सगळं मात्र तुमच्याकडेच राहतं. खालच्या पायऱ्या मुख्यतः या उरलेल्या कामांच्या आहेत.

पायरी 1: खातं आणि बिल

नवीन खातं उघडलं की पहिल्या दहा मिनिटांत दोन कामं करा. मूळ खात्याला, ज्याला तिथे 'रूट' म्हणतात, दुहेरी पडताळणी लावा आणि रोजच्या कामासाठी वेगळा वापरकर्ता तयार करा. मग बजेटच्या पानावर जाऊन महिन्याची रक्कम ठरवा. तिच्या 50 आणि 80 टक्क्यांवर ईमेल येईल अशी सूचना लावा. ही सूचना खर्च थांबवत नाही, फक्त कळवते. भारतातल्या बिलावर 18 टक्के जीएसटीही लागतो. संस्थेच्या कार्यकारिणीपुढे अंदाजपत्रक ठेवताना तो धरायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच महिन्यात खुलासा द्यावा लागेल.

पायरी 2: रीजन आणि आवृत्ती

अ‍ॅपचा सर्व्हर आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये, म्हणजे क्लाउड कंपनीच्या एकाच भौगोलिक केंद्रात, हवेत. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन 2016 पासून आहे, हैदराबादचं 2022 पासून. वापरणारे महाराष्ट्रातले असतील तर मुंबई घ्या. अ‍ॅप मुंबईत आणि डेटाबेस अमेरिकेत ठेवला तर प्रत्येक क्वेरीच्या जाण्यायेण्यात साधारण 200 मिलिसेकंद जातात. एका पानासाठी एकामागून एक 20 क्वेरी होत असतील तर वाचकाला चार सेकंद ताटकळावं लागेल, आणि तुम्ही कोडमध्ये दोष शोधत बसाल.

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मी सहसा सगळ्यात नव्याच्या एक पाऊल मागची घेतो. फार जुनी घेऊ नका: आवृत्तीचा नेहमीचा काळ संपला की आरडीएस 'वाढीव आधार' म्हणून वेगळे पैसे लावते आणि ते छोट्या संस्थेला जड जातात.

पायरी 3: दार कोणासाठी उघडं

इथे घाई करू नका. नवशिक्यांच्या बहुतेक मोठ्या चुका मी याच पायरीवर पाहिल्या आहेत.

डेटाबेस एका खासगी नेटवर्कच्या आत राहतो, त्याला व्हीपीसी म्हणतात. त्यात सबनेट, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग असतात. आरडीएसला किमान दोन वेगळ्या झोनमधली (झोन म्हणजे रीजनमधला डेटासेंटरचा स्वतंत्र गट) सबनेट एकत्र करून बनवलेला 'सबनेट ग्रुप' लागतो. एकच झोन वापरायचा असला तरी हा ग्रुप दोन झोनचाच करावा लागतो, त्यामुळे तो आधी बनवून ठेवा. शक्य असेल तर डेटाबेससाठी इंटरनेटला न जोडलेली वेगळी सबनेट घ्या.

मग दोन सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे कोणाला आत येऊ द्यायचं याच्या नियमांच्या याद्या, तयार करा: एक अ‍ॅपच्या सर्व्हरचा, दुसरा डेटाबेसचा. डेटाबेसच्या ग्रुपमध्ये आत येण्याचा एकच नियम लिहा. पोर्ट 5432, आणि 'कुठून' या रकान्यात अ‍ॅपच्या सिक्युरिटी ग्रुपचं नाव. आयपी पत्ता लिहू नका. सर्व्हर बदलला की पत्ता बदलतो. ग्रुपचं नाव दिलं असेल तर नवा सर्व्हर त्या ग्रुपमध्ये आला की काम चालू राहतं.

याच रकान्यात 0.0.0.0/0 लिहिलं की जगातला कोणताही संगणक तुमच्या डेटाबेसचं दार ठोठावू शकतो. 'आज लॅपटॉपवरून बघायचंय, उद्या बंद करतो' असं म्हणून हे केलं जातं. मीही केलं होतं. दुसऱ्या दिवशी लॉग उघडला तर अनोळखी पत्त्यांवरून 'पोस्टग्रेस' या नावाने लॉगिन करण्याच्या प्रयत्नांची रांग लागली होती. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्याच टेबलात होते. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाचं सोडा, पण लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती अशी उघड्यावर टाकणं मला आजही सलतं.

लॅपटॉपवरून डेटाबेस बघायचा असेल तर अ‍ॅपच्या सर्व्हरमार्गे एसएसएच बोगदा काढा. लॅपटॉपवरच्या 5433 पोर्टवर येणारी प्रत्येक गोष्ट सर्व्हरमधून जाऊन डेटाबेसच्या 5432 वर पोहोचते, आणि डेटाबेसला तो अ‍ॅपचाच सर्व्हर वाटतो. डीबीव्हर आणि पीजीअ‍ॅडमिन या दोन्हींमध्ये यासाठी वेगळा टॅब आहे. तिथे सर्व्हरचा पत्ता आणि एसएसएचची किल्ली द्यायची.

पायरी 4: पॅरामीटर ग्रुप

डेटाबेस तयार करण्याआधी स्वतःचा पॅरामीटर ग्रुप, म्हणजे डेटाबेसच्या सेटिंगचा संच, बनवा. आरडीएस जो मूळ ग्रुप देते त्यात बदल करता येत नाहीत, आणि नंतर ग्रुप बदलला तर डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो. त्यात एक हजार मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये लिहिली जाईल अशी नोंद करा. 'फोर्स एसएसएल', म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीची सक्ती, चालू आहे ना हेही पाहा. आवृत्ती 15 पासून ते मुळातच चालू असतं.

पायरी 5: डेटाबेस तयार करणं

आता 'क्रिएट डेटाबेस'. 'ईझी क्रिएट' सोडून सविस्तर पर्याय निवडा, म्हणजे वर बनवलेल्या गोष्टी निवडता येतील.

मशीनचा आकार छोटाच घ्या. टी4जी मायक्रोमध्ये दोन व्हर्च्युअल सीपीयू आणि एक जीबी मेमरी मिळते; काही हजार सभासदांच्या वाचनालयाला सुरुवातीला तेवढं पुरतं. ही मशीनं थोडा वेळ जोर लावून मग विसावा घेणाऱ्या कामासाठी आहेत. सतत ताण राहिला तर जादा आकारणी होते. आकार नंतर वाढवता येतो, त्यासाठी काही मिनिटांचा खंड धरा.

डिस्कच्या बाबतीत मात्र नीट विचार करा. जीपी3 प्रकारात किमान 20 जीबी घ्यावे लागतात. डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. म्हणून 'असू दे' म्हणून 200 जीबी घेऊ नका. 20 घ्या, आपोआप वाढण्याची सोय चालू करा आणि तिला 50 ची कमाल मर्यादा घाला. मर्यादा नसेल तर एखादी चुकलेली लॉग टेबल डिस्क फुगवत नेईल आणि ती पुन्हा लहान होणार नाही.

'मल्टी एझेड' म्हणजे दुसऱ्या झोनमध्ये तयार बसलेली जुळी प्रत. पहिली बंद पडली तर साधारण एक ते दोन मिनिटांत दुसरी काम हातात घेते. खर्च जवळपास दुप्पट होतो. वाचनालयाला अर्धा तास बंद परवडतं, म्हणून मी घेतलं नाही. ऑनलाइन पैसे घेणारं दुकान असतं तर घेतलं असतं. आणि ही जुळी प्रत बॅकअप नव्हे. चुकीची डिलीट तिच्यावरही त्याच क्षणी उमटते.

'पब्लिक अ‍ॅक्सेस' ला 'नो'. एन्क्रिप्शन चालू: हे सुरुवातीलाच ठरतं, नंतर करायचं झालं तर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, काढून, त्याची एन्क्रिप्टेड नक्कल करून, तिच्यातून नवा डेटाबेस उभा करावा लागतो. बॅकअप किती दिवस ठेवायचे हे 0 ते 35 मध्ये निवडता येतं. 0 म्हणजे आपोआप बॅकअप बंद, तो आकडा कधीच निवडू नका. मी 14 ठेवतो, कारण वाचनालयातली चूक लक्षात यायला कधी कधी आठवडा जातो. बॅकअपची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, लिहायची असते. आपल्या रात्री दोनसाठी तिथे 20:30 लिहा. 'डिलीशन प्रोटेक्शन' चालू करा. ते बंद केल्याशिवाय डेटाबेस कोणालाही पुसता येत नाही.

मास्टर, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य वापरकर्त्याचा, पासवर्ड अ‍ॅमेझॉनच्या पासवर्ड सांभाळणाऱ्या सीक्रेट्स मॅनेजर या सेवेकडे सोपवला तर तो आपोआप बदलला जातो. स्वतः ठेवणार असाल तर लांब ठेवा. तिरकी रेघ, ॲट चिन्ह, दुहेरी अवतरण आणि मोकळी जागा त्यात चालत नाहीत.

बटण दाबल्यावर तयार व्हायला काही मिनिटं लागतात. मग 'एंडपॉइंट' नावाचा लांबलचक पत्ता दिसतो. अ‍ॅपमध्ये तोच वापरायचा, त्यामागचा आयपी पत्ता शोधून वापरायचा नाही. तो बदलू शकतो.

पायरी 6: मालक वेगळा, अ‍ॅप वेगळं

अ‍ॅपला मास्टर वापरकर्ता देऊ नका. अ‍ॅपमध्ये कुठे एखादं छिद्र राहिलं तर आत शिरलेल्याला अख्खं घर मिळतं.

मी तीन रोल, म्हणजे वेगवेगळ्या अधिकारांचे वापरकर्ते, बनवतो. पहिला 'मालक': टेबलं त्याच्या नावावर, मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) तोच चालवतो. दुसरा 'अ‍ॅप': फक्त सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट. तिसरा 'वाचन': अहवाल काढणाऱ्यांसाठी, फक्त सिलेक्ट. आरडीएसमधला मास्टर हा पोस्टग्रेसचा खरा सुपरयूजर नसतो, म्हणून 'मालक' च्या नावावर डेटाबेस करण्याआधी मास्टरला त्या रोलचं सदस्यत्व द्यावं लागतं. हे माहीत नसलं की परवानगी नाकारल्याचा संदेश येतो आणि तासभर कारण सापडत नाही.

अजून दोन जागा अडवतात. आज असलेल्या टेबलांवर अधिकार दिले तरी उद्या मायग्रेशनने बनवलेल्या टेबलावर 'अ‍ॅप' ला अधिकार नसतो. त्यासाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' हा आदेश 'मालक' रोलच्या नावाने एकदा चालवून ठेवा. आणि 'सिरियल' प्रकारचा स्तंभ असेल तर त्याला पुढचा क्रमांक देणाऱ्या सिक्वेन्सवरही वापराचा अधिकार द्या, नाहीतर वाचन चालेल पण पहिल्याच नव्या नोंदीला अ‍ॅप कोसळेल.

पायरी 7: मराठी नावं नीट बसवणं

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हा भाग मला सापडला नाही. अडखळत शिकलो म्हणून इथे जरा थांबतो.

एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवा. आरडीएसच्या पोस्टग्रेसमध्ये ते मुळातच असतं. मायएसक्यूएल वापरत असाल तर 'यूटीएफ8एमबी4' निवडा. तिथला जुना 'यूटीएफ8' एका चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात मावते, म्हणून चाचणीत काहीच कळत नाही. मग कोणीतरी अभिप्रायात चार बाइटचा इमोजी टाकतं आणि नोंद नाकारली जाते.

आता क्रम. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येतं. नुसत्या संकेतांकांनी क्रम लावला तर 'काळे' हे 'कासार' च्या आधी येतात आणि 'क्षीरसागर' क मध्ये जाऊन बसतात. ग्रंथपालबाईंनी पहिल्याच छापील यादीवर बोट ठेवलं होतं: "क्षीरसागर शेवटी असतात हो." पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीची मराठी क्रममांडणी आहे, तिचं नाव 'एमआर-एक्स-आयसीयू'. आडनावाच्या स्तंभाला ती लावा. मग काळे, कासार, कावरे, क्षीरसागर, हजारे अशी आठदहा नावं टाकून क्रम डोळ्यांनी तपासा आणि तुमच्या संस्थेच्या रजिस्टरशी ताडून पाहा.

लांबीचाही घोळ होतो. 'क्षीरसागर' मध्ये आपण पाच अक्षरं मोजतो. डेटाबेस काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजतो आणि नऊ सांगतो. नावाच्या स्तंभाला 20 ची मर्यादा घालून बसलात तर लांब जोडनावं नाकारली जातील. 'टेक्स्ट' प्रकार घ्या.

सगळ्यात जास्त छळलं ते 'कऱ्हाड' ने. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. त्यामुळे गावाचं नाव टाकून शोधल्यावर निम्मे सभासद गायब होत होते. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी रूपांतर हे दोन एक करत नाही. नोंद साठवण्याआधी आणि शोध घेण्याआधी, दोन्ही ठिकाणी, अ‍ॅपमध्ये एक छोटं फंक्शन लिहून एकच रूप पक्कं करा.

वर्गणी आणि दंडाच्या रकमेसाठी 'न्यूमेरिक' प्रकार, 'फ्लोट' कधीच नको. वेळेसाठी टाइम झोनसह टाइमस्टॅम्प घ्या. साठवण यूटीसीत, दाखवताना भारतीय वेळ.

पायरी 8: अ‍ॅप जोडणं

पत्ता, नाव, पासवर्ड हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये किंवा सीक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवा. कोडमध्ये लिहून गिटमध्ये गेलेला पासवर्ड नंतर पुसला तरी इतिहासात राहतो. तसं झालंच तर पासवर्ड बदला, फाइल दुरुस्त करून भागत नाही.

एसएसएलचा प्रकार 'व्हेरिफाय-फुल' ठेवा आणि अ‍ॅमेझॉनची प्रमाणपत्रांची फाइल सर्व्हरवर उतरवून तिचा मार्ग द्या. साधं 'रिक्वायर' लिहिलं तर संवाद गुप्त राहतो, पण समोरचा खरंच आपलाच डेटाबेस आहे याची खात्री होत नाही. ही प्रमाणपत्रं जुनी होतात. 2019 चं मूळ प्रमाणपत्र ऑगस्ट 2024 मध्ये संपलं, तेव्हा जुनी फाइल धरून बसलेल्या अ‍ॅपना ती बदलावी लागली. वर्षातून एकदा तपासायची नोंद कॅलेंडरमध्ये करून ठेवा.

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतो. एक जीबीच्या मशीनवर शंभराच्या आसपास कनेक्शनं गेली की मेमरी संपत येते. अ‍ॅपमध्ये पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा, वापरा, तो पाच ते दहाचा ठेवा, आणि हिशोब करा: चार वर्कर गुणिले दहा म्हणजे चाळीस झाली.

पायरी 9: इशारे

क्लाउडवॉच या अ‍ॅमेझॉनच्या देखरेख सेवेत तीन इशारे पुरतात: मोकळी डिस्क चार जीबीच्या खाली गेली, कनेक्शनं साठच्या वर गेली, सीपीयू पंधरा मिनिटं 80 टक्क्यांवर राहिला. ईमेल अशा पत्त्यावर पाठवा जो दोन माणसं वाचतात.

पायरी 10: परत आणून पाहणं

आता मुद्दाम वेळ काढा. एखाद्या शनिवारी दुपारी बसा आणि घड्याळ लावा.

चाचणीच्या सभासदाची एक नोंद टाका, वेळ लिहून ठेवा. दहा मिनिटांनी ती पुसा. मग 'रिस्टोअर टू पॉइंट इन टाइम' उघडून नोंद टाकल्यानंतरची आणि पुसण्याआधीची वेळ द्या. साधारणपणे पाच मिनिटांपूर्वीपर्यंतचा कोणताही क्षण मिळतो. वेळेची गफलत इथेच होते: लॉगमधली वेळ यूटीसीची असते, या पडद्यावरची तुमच्या संगणकाच्या टाइम झोनची. लॉगमध्ये 13:42 ला चूक दिसली तर आपल्याकडे ती संध्याकाळी 7:12 ला झाली.

परत आणलेला डेटाबेस जुन्याच्या जागी बसत नाही. नवं मशीन, नवा पत्ता. सिक्युरिटी ग्रुप आणि पॅरामीटर ग्रुप तुमचेच निवडलेत ना ते पाहा. त्या रात्री माझे चार तास इथेच गेले होते: डेटाबेस तयार होता, पण त्याला वेगळाच सिक्युरिटी ग्रुप लागला होता आणि अ‍ॅप नुसतं वाट बघत टाइमआउट होत होतं. सुरुवातीला क्वेरी संथ चालतील, कारण डेटा मागच्या साठ्यातून मागेल तसा येत असतो. घाबरू नका.

मग नव्या डेटाबेसमध्ये ती नोंद शोधा, प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजा. एकच टेबल हरवलं असेल तर अख्खं अ‍ॅप नव्या पत्त्यावर वळवायची गरज नसते. पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या डेटा काढून देणाऱ्या साधनाने फक्त ते टेबल काढून चालू डेटाबेसमध्ये भरता येतं. तेही आजच करून पाहा. सगळ्याला किती वेळ लागला तो आकडा आणि केलेल्या पायऱ्या एका कागदावर लिहा, आणि तो कागद संस्थेच्या कार्यालयातही ठेवा.

याशिवाय आठवड्यातून एकदा पीजी-डंपची फाइल काढून वेगळ्या खात्यात ठेवा. आपोआप घेतलेले बॅकअप मूळ डेटाबेस पुसताना राखून ठेवायला सांगितले नाहीत तर त्याच्याबरोबर जातात. हाताने काढलेले स्नॅपशॉट राहतात.

काम झालं की चाचणीचा डेटाबेस पुसून टाका. नुसता 'स्टॉप' करून ठेवू नका: आरडीएस सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा सुरू करते आणि मीटर चालू होतं. पुसण्याआधी नाव दोनदा वाचा, चालू आणि चाचणीच्या डेटाबेसचे पत्ते फार सारखे दिसतात. मी चाचणीच्या प्रत्येक मशीनच्या नावात 'चाचणी' आणि तारीख घालतो. हा सराव आता वाचनालयाच्या वार्षिक साठा मोजणीच्या दिवशीच होतो. कपाटातली पुस्तकं बाई मोजतात, टेबलातल्या ओळी मी, आणि दोन्ही आकडे एकाच रजिस्टरमध्ये लिहिले जातात.